अक्काचा फॉर्म मी घरी बसून भरला

थोरल्या जावेवर मी जळायचे. तिला जाऊन आज दोन वर्षं झाली. अजून जळते.

सगळं गाव तिला अक्का म्हणायचं.

मी या गावची आशा वर्कर. बारावी पास. रजिस्टर माझ्याकडं, गोळ्या माझ्याकडं. तरी गावातली पोटुशी सून माझ्यासमोर मान हलवायची आणि मागच्या दारानं अक्काला विचारायला जायची.

अक्काला सहीपुरतं लिहिता यायचं. मला हे कधीच पचलं नाही.

कोरोनात आमच्या घरात आधी मी पडले. हिंगोलीला अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. परत आले तर सासूबाई दारातच म्हणाल्या, "वाचली बाई!" झालं. पाचव्या दिवशी मी चुलीपुढं.

अक्काला फक्त दोन दिवस ताप आला. ना ऑक्सिजन, ना दवाखाना.

पण त्यानंतर ती बसूनच राहायला लागली. नळावरून येताना घागर मधेच टेकवायची. वरणात मीठ दोनदा पडायचं. एक दिवस भाकरी थापल्या की दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठायची नाही.

आणि मोठे दीर तिला गरम पाणी आणून द्यायचे. हातात!

माझ्या नवऱ्यानं मला कधी तांब्याभर पाणी आणून दिलं नाही. मरता मरता वाचले मी, आणि लाड हिचे? शेजारणीजवळ बोललेसुद्धा, "दोन दिसाच्या तापाचं किती कौतुक! नुसते नखरे करून राहिली."

मग कोरोना होऊन गेलेल्यांचा सर्वे आला.

ट्रेनिंगमध्ये मॅडमनी बजावून सांगितलं होतं. ताप उतरला तरी काही माणसं महिनोन् महिने सुधरत नाहीत. ती कोण असतील, हे नुसत्या तापावरून ओळखता येत नाही. म्हणून ज्याला कमी ताप आला त्यालाही विचारा. समोर बसवून विचारा.

दम लागतो का? विसरायला होतं का? काम केल्यावर दुसऱ्या दिवशी अंग गळून जातं का?

ज्यांचं 'हो' येईल त्यांना तपासणीला हिंगोलीला नेणार होते.

मी उन्हातान्हात घरोघर फिरले. तांड्यावर गेले. एकूण एक माणसाला समोर बसवून विचारलं.

फक्त आमच्या घरचे फॉर्म घरी बसून भरले.

अक्का चार पावलांवर बाजेवर पडली होती. मी विचारलं नाही. तिच्या फॉर्मवर सगळीकडं 'नाही'वर टिक केली.

मला दिसत नव्हतं असं नाही. पण 'हो' लिहिलं असतं तर ती गाडीत बसून हिंगोलीला गेली असती, मोठ्या डॉक्टरनी तिला तपासलं असतं, आणि गाव पुन्हा तिचीच चौकशी करत आलं असतं. ते मला बघवलं नसतं. स्वच्छ सांगते.

यादी आली त्या दिवशी अक्कानं विचारलं, "माजं नाव आलं का गं?"

"न्हाई अक्का."

"मंग बरंच हाय की. म्हंजे मला काई झालेलंच न्हाई." आणि वर म्हणते, "उगं बसून राहिले मी. तुज्यावर समदं काम पडलं, रेखा."

दुसऱ्या दिवसापासून ती उठली. धुणं, भाकरी, मग हळद काढायला पण आली. मधेच छातीला हात लावून उभी राहायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "सर्वेत बराबर निघालं हाय माजं."

स्वतःच्या शरीरापेक्षा तिनं माझ्या कागदावर विश्वास ठेवला. आणि मला तेव्हा बरं वाटलं होतं. शेवटी आली ना कामाला, असं वाटलं होतं.

मग पायांवर सूज आली. नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर झालंय, त्या तापानंतरचंच असेल. मग त्यांनी विचारलं, दम कधीपासून लागत होता? दिरांनी माझ्याकडं बोट केलं, "ही आशा हाय, हिला माहीत असंल."

मी पाण्याची बाटली भरायला बाहेर गेले.

आधी कळलं असतं तर ती वाचली असती का, हे डॉक्टरलाही छातीठोक सांगता आलं नाही. मी त्याचा आधार घेऊन दोन वर्षं झोपले.

मयतीला सगळं गाव रडलं. तेव्हाही मनात आलं, माझ्यासाठी एवढी माणसं येतील का? असली मी.

तिची लेक प्रज्ञा नर्सिंगला आहे. परवा घरी आली आणि विचारलं, "काकू, त्या सर्वेत मम्मीचं काय आलं होतं?"

"इतक्या दिसाचं कुटं आठवतं बाई."

तर ती म्हणाली, "व्हय. तुमी तर गावभर फिरल्या काकू. तुमी होत्या म्हणून गाव वाचलं."

हेच शब्द ऐकायला मी सगळा जन्म जळले होते. अक्काच्या लेकीनं ते मला दिले, आणि मला तिच्याकडं बघता येईना.

प्रज्ञा, तू माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये आहेस. तोंडानं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथं लिहिते.

तुझ्या मम्मीच्या फॉर्मवर 'नाही' होतं. ते मी लिहिलं. तिला न विचारता.

वडिलांनाही वाचून दाखव.

अक्का, माझा शेवटचा जयभीम. घ्यावा वाटला तर घ्या.