मामांची गाडी आणि डाळिंबी ठिपका

सर्व आप्तेष्ट, हितचिंतक आणि विशेषतः गॅरेजवाले यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, माझ्या बायकोच्या मामांचा या जगात फक्त दोनच गोष्टींवर अविश्वास होता. एक सजीव आणि दुसरी निर्जीव. यातून जो कोणी उरतो, म्हणजे परमेश्वर, त्याच्यावर त्यांची श्रद्धा होती, पण तीही बेताची. देवळाच्या पायरीवर ते एकाच हाताने नमस्कार करत, कारण दुसऱ्या हातात चपला असत. दुधात पाणी नाही हे पटवायला भय्याने एकदा आईची शपथ घेतली, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "तुझ्या आईला मी ओळखत नाही." यात त्यांचा फारसा दोष नव्हता. विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. गोदाम जळालं की मालक कपाळ बडवून रडे आणि मामा खाली बसून राख हुंगत. असा माणूस घरी आल्यावर आमटीसुद्धा आधी हुंगूनच घेणार.

अशा माणसाने एका वकिलातीच्या लिलावात परदेशी गाडी घ्यावी, हा मला अजून न उलगडलेला चमत्कार आहे. ऐंशीनंतरचे दिवस होते. आमच्या मुलुंडला तेव्हा स्कूटरचा नंबर लागला तरी लोक पेढे वाटत. तिथे एके दिवशी सोसायटीच्या फाटकातून राखाडी रंगाची, लांबच लांब गाडी आत आली. आत आली म्हणजे पुढची निम्मी आत आली. मागची निम्मी बराच वेळ आग्रा रोडवरच होती. आत चामड्याच्या गाद्या, बटण दाबलं की खाली जाणाऱ्या काचा, लाकडाचा चकचकीत डॅशबोर्ड. मामींनी नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. मामांनी गाडी लिंबांवरून पुढे घेतली आणि ती तिथेच बंद पडली. तेव्हापासून ती बंद पडण्याचं काम अत्यंत निष्ठेने करत आली. डावीकडे वळवली की हॉर्न वाजे. उजवीकडे वळवली की मागची काच आपोआप खाली जाई आणि मामी गाडीत असल्या तर तेवढ्यात मागच्या रिक्षावाल्याशी त्यांची ओळख होई. डॅशबोर्डवर एक लाल दिवा कायम जळत असे. त्याखाली परदेशी भाषेत काहीतरी लिहिलं होतं. मामांनी गाडीचं पुस्तक अंधेरीच्या एका प्राध्यापकांकडून भाषांतर करून आणलं. त्यात प्रत्येक बिघाडाखाली एकच वाक्य होतं, 'गाडी तज्ज्ञाकडे न्यावी.' मामा म्हणाले, "प्राध्यापक कामचुकार आहे. दर पानावर तेच कसं असेल?"

या गाडीचं चाक डाव्या बाजूला होतं. त्यामुळे पुढच्या वाहनाला मागे टाकायचं तर समोरून कोण येतंय ते उजवीकडे बसलेल्या माणसाने सांगावं लागे. हा मान बहुधा माझा. मी मान बाहेर काढून म्हणे, "मामा, मोकळं आहे. घ्या."

"नक्की?"

"नक्की."

"नीट बघितलंस? वळणापर्यंत?"

"वळणापर्यंत मोकळं होतं, मामा. आता ट्रक आलाय."

"बघ! आणि मला 'घ्या' म्हणत होतास!" असं म्हणून ते माझ्याकडे अशा नजरेने बघत की जणू त्यांच्या पॉलिसीवर माझंच नाव वारस म्हणून लावलेलं होतं. परिणामी मामांनी त्या गाडीच्या हयातीत कोणालाच मागे टाकलं नाही. एकदा मुलुंड ते घाटकोपर आम्ही अंड्यांच्या टेम्पोमागून गेलो. टेम्पोवाला अंडी फुटू नयेत म्हणून हळू चालला होता, आणि आम्ही टेम्पोवाल्याचा भरवसा नाही म्हणून त्याच्याहून हळू.

घाटकोपरला जायचं कारण म्हणजे मेस्त्री. हा माणूस कणकवलीकडचा. पूर्वी एका गिरणीत होता आणि तिथे मालकाच्या परदेशी गाड्या सांभाळायचा. संपात गिरणी सुटली तेव्हा त्याने आग्रा रोडच्या आत एका गल्लीत पत्र्याची शेड टाकली. मुंबईभर फिरून आल्यावर मामांची खात्री पटली होती की या गाडीचं पोट उघडून ते पुन्हा शिवू शकेल असा हा एकच माणूस. दुसरा कोणी बॉनेट उघडे आणि भक्तिभावाने पुन्हा लावून टाके. तेव्हा मेस्त्री आहे तर गाडी आहे, हे उघड होतं. आणि गाडी आहे तर मामा आहेत, हेही आम्हाला हळूहळू कळत गेलं. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेलेली, ऑफिसात निवृत्ती आलेली, आणि आयुष्यभर संशय घेतल्यामुळे मित्र म्हणावा असा एकही उरलेला नाही. दर रविवारी सकाळी मात्र मामा घडीची खुर्ची आणि पोळीभाजीचा डबा घेऊन मेस्त्रीच्या शेडमध्ये जात आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या हातांवर पहारा करत. मेस्त्री पाना उचली, की मामा विचारत, "हा कशाला?" मेस्त्री पाना खाली ठेवी, की मामा विचारत, "झालं एवढ्यात?" दुपारी मात्र दोघं समोरासमोर बसून जेवत. मेस्त्री आपल्या डब्यातली सुक्या मासळीची चटणी मामांपुढे सरकवी. मामा ती आधी हुंगत आणि मग सगळी खात.

मामांचा पक्का समज असा, की सगळी मेस्त्री जमात अस्सल परदेशी भाग काढून घेते आणि नकली बसवते. या समजापायी त्यांनी चोरबाजारात एका दुकानदाराची गचांडी धरली होती, कारण त्याच्याकडचा हेडलाइट आपलाच आहे अशी त्यांची खात्री झाली. दुकानदाराने त्यांना बाहेर नेऊन त्यांच्याच गाडीचे दोन्ही दिवे दाखवले. मामा म्हणाले, "मग हे कोणाचे?" तेव्हा अशा चोरीवर उपाय म्हणून त्यांनी मामींच्या कपाटातली डाळिंबी रंगाची नेलपॉलिशची बाटली ताब्यात घेतली. मुलीच्या लग्नात घेतलेली, मामींनी लाजून एकदाच लावलेली. त्या रंगाने मामा दर शनिवारी गाडीच्या प्रत्येक भागावर, दिसणार नाही अशा जागी एकेक ठिपका देत. कार्बोरेटरच्या तर झाकण उघडून अंतर्भागातसुद्धा. रविवारी काम झालं की भिंग घेऊन ठिपके तपासत. आणि खरोखरच, दर रविवारी काही ठिपके गायब असत! मामा घरी येऊन थरथरत्या आवाजात सांगत, "आज पुन्हा दोन भाग बदलले. माझ्या डोळ्यांदेखत. काय हातचलाखी आहे!" त्या आवाजात राग होताच, पण थोडं कौतुकही होतं, असं मला आपलं वाटे.

तीन वर्षं मामांनी हे पोटात ठेवलं. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी ते ओठांवर आलं. मामींना सोनं द्यायला गाडीने बोरिवलीला न्यायचं कबूल केलेलं आणि गाडी सुरूच होईना. मेस्त्रीने कार्बोरेटर उतरवून थिनरच्या डब्यात चांगला बुचकळला, ब्रशने घासला, पुसला आणि मामांसमोर धरला. मामांनी भिंग लावलं. एकही ठिपका नाही.

"मेस्त्री," मामा उठून उभे राहिले, "माझा कार्बोरेटर कुठाय?"

"ह्यो काय."

"हा नाही. माझा. ओरिजिनल. तीन वर्षं बघतोय मी. कुठे विकता?"

मेस्त्री शिवीगाळ करेल अशा तयारीने मी खुर्चीमागे सरकलो होतो. पण त्याने कार्बोरेटर जागच्या जागी बसवला, एकेक बोल्ट नीट आवळला, फडक्याने हात पुसले आणि गाडीची चावी मामांच्या तळहातावर ठेवली. "घेवा, सायबानू. आता माझ्या हातान हिचो एक नट फिरूचो नाय." मग तो पाठ फिरवून चहा प्यायला गेला. गाडी तरीही सुरू होईना, तेव्हा आम्ही ती टेम्पोला दोर बांधून घरी आणली. दोन्ही वळणांवर तिने आपले रिवाज पाळले.

पुढचे रविवार आम्हा सगळ्यांनाच कठीण गेले. मुलुंडच्या एका गॅरेजवाल्याने गाडी बघायला येताना हातोडा आणला, त्याला मामांनी फाटकावरूनच परत धाडलं. अंधेरीत एक बडं गॅरेज होतं. तिथे गिऱ्हाइकाला काचेच्या खोलीत सोफ्यावर बसवत आणि गाडी कुठेतरी आत नेत. मामा म्हणाले, "माझी खुर्ची आहे, मी आत बसतो." ते म्हणाले, "अलाउड नाही." तो विषय तिथेच संपला. मग मामा रविवारभर घरात बसू लागले, आणि आजवर एका गाडीवर खर्च होणारा संशय सबंध घरावर वाटला जाऊ लागला. मामी मला जिन्यात गाठून कुजबुजल्या, "जावईबापू, यांना कुठेतरी घेऊन जा हो. काल म्हणाले, कुकर खोट्या शिट्ट्या देतो."

दिवाळीच्या तोंडावर मामींनी खिडक्यांच्या जाळ्या रंगवायला काढल्या. मामा तेव्हा बाल्कनीत बसून, गाडी चालत नसतानाही, निव्वळ सवयीने एका स्पार्क प्लगला ठिपका देत होते. बाटली कलंडली आणि मामींच्या पांढऱ्या लादीवर डाळिंबी थारोळं झालं. मामींनी हंबरडा फोडला. रंगारी म्हणाला, "घाबरू नका, बाई," आणि त्याने थिनरचा बोळा एकदा फिरवला. लादी स्वच्छ.

मामा बघतच राहिले. मग त्यांनी त्याच लादीवर एक ठिपका दिला. "पूस." रंगाऱ्याने पुसला. दुसरा दिला. "पूस." मी गेलो तेव्हा रंगारी घाम पुसत होता आणि मामा जमिनीवर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो प्रत्येक भाग थिनरमध्ये धुतो रे. माझ्या डोळ्यांदेखत धुतो." तीस वर्षं राख हुंगून खरंखोटं काढणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच स्वतःबद्दलचा संशय बघितला.

रविवारी पुन्हा दोर, पुन्हा टेम्पो. मेस्त्रीने मान वर केली नाही. मामांनी कधी कोणाची माफी मागितलेली नव्हती, त्यामुळे ती कशी मागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मेस्त्रीसमोरच्या स्टुलावर नेलपॉलिशची बाटली ठेवली, एका नटावर ठिपका दिला, नट थिनरच्या डब्यात टाकला, काढला आणि कोरा नट त्याच्यापुढे धरला. मग घसा खाकरून, नुकसानीचा अहवाल वाचावा तसं म्हणाले, "मेस्त्री, आमच्याकडून चूक झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

मेस्त्रीने नट बघितला, बाटली बघितली, मामांना बघितलं. "तीन वर्सां माका चोर ठरवल्यात, ता ह्या बायलमाणसांच्या रंगान?"

"हो."

"आणि ह्यो रंग कार्बोरेटरच्या भितर पण लावल्यात?"

"भितरच जास्त."

मेस्त्री ताडकन उठला. त्याने बॉनेट उघडलं आणि मामांनी आपली खुर्ची उचलली. मला वाटलं, आता पहारा सुरू. पण मामांनी खुर्ची शेडच्या बाहेर नेली आणि गाडीकडे पाठ करून गल्लीकडे तोंड करून बसले. दोन तास ते एकदाही वळले नाहीत. त्यांची मान कशी ताठली होती ते मी बघत होतो. शेवटी मेस्त्री स्वतःच बाहेर आला. त्याच्या बोटावर बारीकशी डाळिंबी खपली होती. थिनरने मऊ झालेला रंग, पेट्रोल जिथून जातं त्या जेटच्या बारीक भोकात जाऊन बसे. गाडीचा मूळचा बिघाड मेस्त्रीने केव्हाच काढला होता; पुढे दर रविवारी तो जे साफ करी, ते मामा दर शनिवारी पुन्हा भरत. गाडी बंद पाडणारा चोर सापडला होता, आणि तो खुर्चीवर बसला होता.

त्या दिवसापासून गाडी बंद पडली नाही. लाल दिवा जळत राहिला, हॉर्न वाजत राहिला, पण बंद म्हणून पडली नाही. मामी बोरिवलीला जाऊन आल्या, वांद्र्याला जाऊन आल्या. आम्ही अभिनंदन केलं तर मामा नुसतं हूं म्हणत. तीन रविवार ते घरी बसले. चौथ्या रविवारी त्यांनी खुर्ची गाडीत टाकली आणि मला म्हणाले, "चल. मला काहीतरी संशय येतोय."

शेडसमोर गाडी थांबली तेव्हा मेस्त्री लगबगीने बाहेर आला. इतक्या लगबगीने की त्याच्या हातातला चहा सांडला. "काय झाला?"

"काही नाही," मामा म्हणाले. "तेच. काहीच होत नाहीये. बघा जरा."

मेस्त्रीने बॉनेट उघडलं, कान लावला. इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. दोघंही बराच वेळ त्याच्यावर वाकून राहिले, दोघंही मनापासून काहीतरी बिघडलेलं शोधत होते. अखेर मेस्त्री सरळ झाला आणि अपराध्यासारखं म्हणाला, "काय एक नाय हो. एकदम बराबर आसा."

"असं," मामा म्हणाले. "बरं तर." त्यांनी खुर्ची अजून उघडलीच नव्हती. ती पुन्हा गाडीत ठेवायला ते वळले, दार उघडलं, आणि मेस्त्री मागून असा ओरडला की गल्लीतली माणसं थांबून बघू लागली,

"अहो, येवक गाडी बंद पडाक कशाक व्हयी? तुमी नुसते येवा ना, सायबानू!"