डाव्या कानानं शोधलेले बाबा

ध्वनीचा धडा मी शाळेत इतकी वर्षं शिकवलाय, की पुस्तक न उघडता घंटा होईपर्यंत बोलू शकतो. बाकाला कान लावा, दुसऱ्या टोकाला नखानं खरवडा, ऐकू येतं की नाही? पोरं खूश, मीही खूश. त्या धड्याची परीक्षा मला एकदाच द्यावी लागली, केळापूरकडच्या आमच्या शेतात, आणि तीत मी जेमतेम काठावर पास झालो.

बोंडअळीची वर्षं होती. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेलेली, बोंडं आतून पोखरलेली, आणि जो तो पाठीवर पंप घेऊन फवारणीला. एवढ्या उंच पिकात औषध झाडापेक्षा माणसावर जास्त पडतं. आज या गावात कोणी चक्कर येऊन पडला, उद्या त्या गावातून कोणाला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, अशा बातम्या रोजच्या. तुम्ही फवारू नका, असं बाबांना घरात सगळ्यांनी सांगून पाहिलं. मीही सांगितलं. वर्गातली पोरं निदान ऐकल्यासारखं तरी करतात.

एका रविवारी ते कोणाला न सांगता पंप घेऊन गेले. माझा उजवा कान दोन दिवस ठणकत होता. आईनं लसणाचं कोमट तेल त्यात ओतून वर कापसाचा बोळा गच्च बसवला होता. कापूस घरचाच, त्यामुळे तिचा हात सैल. तसाच मी शेताकडे निघालो.

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर पोचलो आणि बाबांची हाक ऐकू आली.

"अबे, इकडे ये. उठता नाही येऊन राह्यलं."

आवाज डावीकडून होता. डावीकडे घुसलो, फांद्या तोंडावर घेत थेट नाल्यापर्यंत गेलो. कोणी नाही. पुन्हा हाक आली, तीही डावीकडून. मी उलटा फिरलो, तर आवाजही माझ्यासोबत फिरला आणि परत डावीकडे जाऊन बसला. असं दोन-तीनदा झालं. पडलेला माणूस शेतभर फिरत नसतो, हे माझ्या लक्षात यायला मास्तर असूनही बराच वेळ लागला.

हवेत आवाज चारी बाजूंना पसरतो. एका बाजूनं आलेला आवाज त्या बाजूच्या कानाला आधी लागतो, दुसऱ्याला नंतर. फरक सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी, पण डोकं तेवढ्यावरून दिशा काढतं. शिवाय मधे डोकं आडवं येतं म्हणून पलीकडच्या कानाला आवाज जरा मंद पोचतो. हे सगळं मी फळ्यावर डोक्याचं चित्र काढून शिकवतो. माझ्याजवळ त्या दिवशी एकच कान चालू होता. त्याच्या हिशेबानं सगळं जग डावीकडेच.

बोळा उपटला. तेल मानेवरून सदऱ्यात गेलं, कान मात्र बंदच.

मग सुचलं. जागेवर हळूहळू फिरायचं, आवाज सगळ्यात मोठा लागेल तिथं थांबायचं, आणि डावा कान पुढे करून तसंच चालायचं. खेकड्यासारखं.

"बाबा, बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोला. थांबू नका."

"एवढा शिकवला तुले, न तू बापाले वावरात धुंडून राह्यला. नाल्याकडे काहून पळालता? नाल्यात काय हाय? तुयी बायको बराबर म्हणते तुले..."

बायको काय म्हणते ते मला पाठ आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांची बोलणी मन लावून ऐकली. बोलणी वाढत गेली तसा मी आडवा आडवा सरकत गेलो, आणि एका तासात ते दिसले, तास म्हणजे कपाशीच्या दोन ओळींमधली जागा. मांडी घालून बसले होते.

"डोळे जळतात? मळमळतं? मी किती बोटं दाखवतोय?"

"पाय मुरगळला बे. जमिनीच्या भेगेत गेला. बोटं कायले मोजू?"

"फवारलं किती?"

"फवारतो कधी? पंप पाठीवर घेतला, चार पावलं चाललो, न पडलो."

बाजूला पडलेला पंप मी हलवून पाहिला. झाकणापर्यंत भरलेला. एवढं भरलेलं काही पाहून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मी त्यांच्या शेजारीच बसलो.

"दोनदा समोरून गेला तू," ते म्हणाले. "तुये पाय दिसले मले. वाटलं, मास्तर शेत मोजून राह्यला."

मी हसलो. मग तेही हसले, पण माझं मनगट त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं. इतक्या बातम्या त्यांनीही ऐकल्याच होत्या.

उठवलं, खांदा दिला. अवजार वावरात टाकून बाबा कधी घरी आले नाहीत, म्हणून मी पंपाकडे हात नेला.

"राहू दे तो," बाबा म्हणाले. "तू चाल."