तीन भोकं खाली

घोड्यावरून उतरताना मास्तरांचा उजवा गुडघा असा वाजायचा की तबेल्यातले घोडे माना वळवून बघायचे. मोतद्दार मात्र बघायचा नाही. वीस वर्षं तो मास्तरांच्या घोड्याला खरारा करत होता, खोगीर चढवत होता. मास्तरांचा गुडघा वाजला की आपण मोठ्याने खोकायचं, एवढं शहाणपण त्याला होतं.

मास्तर तरुणपणी शर्यतीत घोडे पळवायचे. शर्यतीचा स्वार पाय टेकवायच्या रिकिबी आखूड ठेवतो आणि गुडघे पोटाशी घेऊन अधांतरी उकिडवा बसतो. दोन मिनिटांपुरतं ते ठीक आहे. पण मास्तरांच्या शर्यती सुटल्या, पोट सुटलं, घोडेस्वारीची शिकवणी सुरू झाली, तरी रिकिबी होत्या तिथेच. शिकायला येणाऱ्याला मात्र पहिल्याच दिवशी तंबी असायची. "पट्टा वर अडकतो तिथे बोटं टेकवा, हात सरळ करा, रिकीब काखेत आली पाहिजे. आखूड ठेवाल तर गुडघे बोंबलतील. लांब ठेवाल तर पाय रिकीब हुडकत बसेल." एवढं सांगून मास्तर स्वतः घोड्यावर चढायचे आणि बुटक्या स्टुलावर बसल्यासारखे दिसायचे. त्यांना हे बोलून दाखवायची कोणाची छाती नव्हती.

डॉक्टरांनी शेवटी निर्वाणीचं सांगितलं, असंच चाललं तर दोन महिन्यांत घोडा कायमचा बंद. मास्तरांनी डॉक्टर बदलला. दुसऱ्यानेही तेच सांगितलं, फक्त जरा गोड आवाजात.

त्या दुपारी मास्तरांची बायको तबेल्यात आली आणि चाऱ्याच्या पेटीवर बसली.

"भाऊजी, घोडा सुटला तर हे घरी बसतील. दिवसभर, माझ्या डोक्यावर. काल भाजी चिरताना कोपर कसं धरायचं ते मला शिकवत होते."

मोतद्दाराला हसू आलं. मास्तरांच्या आरड्याओरड्याशिवाय तबेला कसा असेल, याची मात्र त्याला कल्पनाच करवेना.

"वहिनी, रिकिबींचे पट्टे तीन भोकं खाली घेतले तर पाय मोकळा सुटेल, गुडघा दुमडणार नाही. पण मास्तरांना सांगायचं कोणी?"

"सांगायचं कशाला?" वहिनी म्हणाल्या.

ठरलं. दर सोमवारी एक भोक. बक्कल बसून पट्ट्यावर पडलेला जुना वळ मोतद्दाराने तेल चोळून चोळून बुजवला. मास्तर रिकिबींकडे बघायचेच नाहीत. वीस वर्षांत न हललेली गोष्ट, तिच्यात बघायचं काय?

पहिल्या सोमवारी ते बसले, पाय हलवले, कपाळाला आठ्या घातल्या.

"घोडा बारीक झालाय. पाय खाली लोंबतायत माझे. खुराक वाढव याचा."

मोतद्दाराने मुकाट्याने खुराक वाढवला. दुसऱ्या सोमवारी मास्तरांना घोडा आणखी बारीक वाटला. तिसऱ्या सोमवारपर्यंत घोड्याचा टरबूज झाला, खोगिराचा पोटाखालचा तंग पुरेना, आणि मास्तरांचा गुडघा वाजायचा थांबला. त्याचं सगळं श्रेय वहिनी रोज रात्री चोळायच्या त्या मालिशच्या तेलाला मिळालं. वहिनींनीही ते तोंडातून अवाक्षर न काढता घेतलं.

इथवर सगळं छान होतं. पण गुडघा बरा झाला आणि मास्तरांच्या अंगात वारं शिरलं. आपल्या घोडेस्वारीच्या शाळेच्या वर्धापनदिनी सगळ्या विद्यार्थ्यांसमोर आपण स्वतः कुंपणावरून उडी मारणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

मोतद्दाराचं धाबं दणाणलं. उडीला रिकिबी आखूडच लागतात. स्वाराला खोगिरातून उठावं लागतं. लांब रिकिबींवर मास्तर खोगिरात आदळले तर गुडघ्याचं राहू द्या, कंबरही जायची. वर्धापनदिनी सकाळीच त्याने गुपचूप तिन्ही भोकं परत वर घेतली.

मास्तर टाळ्यांच्या गजरात घोड्यावर चढले. अर्धी फेरी झाली. मग त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि ते घोडा वळवून तडक मोतद्दारापाशी आले.

"कोणत्या गाढवाने माझ्या रिकिबी आखूड केल्या?"

"मास्तर, ही तुमचीच लांबी. वीस वर्षांची."

"मग एवढे दिवस मी कोणाच्या लांबीवर बसत होतो?"

"तुमच्या गुडघ्याच्या."

पहिल्या रांगेत वहिनी पदराशी चाळा करत बसल्या होत्या. मास्तरांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मास्तरांना राग आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. मोतद्दाराला ते दिसलं आणि तो मोठ्याने खोकला.

"खाली घे," मास्तर हळूच म्हणाले. "तिन्ही. आणि लोकांना सांग, उडी रद्द. घोड्याचा गुडघा दुखतोय."

मोतद्दाराने तसं खणखणीत आवाजात सांगितलं. मग त्याच दुखऱ्या घोड्यावरून मास्तरांनी ऐटीत मैदानाला पाच फेऱ्या मारल्या, आणि एकाही विद्यार्थ्याने काही विचारलं नाही.