कमांडशिवाय थांबायचं नाही

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाइतका हुकूमशहा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये सापडणार नाही, आणि हे गृहस्थ राहतात नेमके आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्याच डोक्यावरच्या मजल्यावर. बरं, ते कधी सैन्यात होते म्हणावं, तर तेही नाही. कॉलेजात हौसेने कॅडेट झाले आणि पुढे जन्मभर विम्याच्या कचेरीत कारकुनी केली. कारकून रिटायर झाला, कॅडेट काही होईना. भाजीवाल्यासमोरही टाचा जुळवून उभे राहतात. आमच्या सत्यनारायणाला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी उंचीप्रमाणे रांगेत लावून तीर्थ दिलं. माझा नंबर शेवटून दुसरा लागला, हे मी विसरलेलो नाही.

दर रविवारी सकाळी हे बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मुलांना फुकट परेड शिकवतात. त्यासाठी सगळ्यांनी गाड्या आदल्या रात्रीच रस्त्यावर काढायच्या. मग पोलिसांनी केलेल्या दंडाच्या पावत्या नाचवत लोक येणार माझ्याकडे, कारण मी सोसायटीचा खजिनदार! एकदा तर मुलांच्या खाकीला खळ करायला यांनी आमच्या घरातला एकादशीचा साबुदाणा उकळला.

"दादा, मी आता उपासाला काय खाऊ?" बायकोने विचारलं.

"शेंगदाणे खा गं. खाकीला कडा नको का?"

आणखी एकदा मुलांना कदमताल करायला लावून, म्हणजे जागच्या जागी पाय आपटत ठेवून, हे फोन घ्यायला वर गेले ते चहा पिऊनच खाली आले. तोवर मुलं पाय आपटतच होती, त्यांत माझी बारावीतली मुलगीही. मी भडकलो.

"भावोजी, 'थम' म्हटल्याशिवाय थांबतील, तर ती माझी मुलं कसली?"

शेवटी परेड बंद करा, असा विषय मीच कमिटीत मांडला. ठरलं असं, की पंधरा ऑगस्टची परेड बघायची. गोंधळ झाला, तर पार्किंग कायमचं गाड्यांना.

झेंडा फडकला. मुलं झेंड्यासमोर येऊन कदमताल करू लागली. आता फक्त 'थम' म्हणायचं होतं. मेहुण्यांनी छाती भरून तोंड उघडलं, आणि शब्दच आला नाही. मला वाटलं, घसा बसला. मग त्यांचे डोळे दिसले. ते तो शब्द शोधत होते. मध्यंतरी एकदा माझ्या बायकोचं नाव असंच शोधत होते. तेव्हा आम्ही ते हसण्यावारी नेलं होतं.

"काय खजिनदार, झालं ना तुमचं काम?" अध्यक्ष माझ्या कानाशी पुटपुटले.

मुलगी पहिल्या रांगेत घामाने निथळत होती, पण नजर मामावर. कुणी हसलं नाही, कुणी थांबलं नाही. तिच्याबरोबर सगळी मुलं त्या शब्दाची वाट बघत पाय आपटत राहिली.

"थम!" मी ओरडलो.

धाडकन सगळे पाय थांबले. मेहुणे सावकाश माझ्याकडे वळले.

"चुकीच्या पायावर कमांड दिलीत, भावोजी," ते म्हणाले.

गोंधळ झाला नाही, असं मीच कमिटीला सांगितलं. परेड चालू आहे, दंडाच्या पावत्याही चालू आहेत, आणि माझा संताप आहे तिथेच आहे. फक्त आता मुलांना थांबवायला मेहुणे शिट्टी वाजवतात. तिचे साठ रुपये मी स्टेशनजवळच्या खेळाच्या सामानाच्या दुकानदाराला माझ्या खिशातून दिले. सोसायटीच्या खर्चात धरले नाहीत.