डोक्याची गोळी

हे मी माझ्या आईलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि दिवा स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये राहत नाही. पाण्याच्या टँकरच्या रांगेत एवढ्याशा गोष्टीचं काय होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे.

मी पोळीभाजी केंद्र चालवते. किरण माझा दुसरा नवरा. पहिला आजारपणात गेला — कसला आजार, ते सासरच्यांनी सांगितलं नाही आणि मीही खोलात शिरले नाही. किरणशी लग्न झाल्यावर वर्षभराने तपासण्या झाल्या, तेव्हा कळलं. मला एचआयव्ही आहे, आणि माझ्याकडून तो किरणलाही झालाय. तो घर सोडून गेला नाही. पण माझ्याशी बोलणं त्याने टाकलं. दोघांच्या गोळ्या एकाच फळीवर, आणि दिवसभर एक शब्द नाही — असं घर कसं असतं, सांगू कसं?

मग आंबिवलीजवळ त्याची बाईक घसरली. डोक्याला जबर मार. शुद्धीवर आला तेव्हा उजवी बाजू लुळी होती आणि अलीकडची वर्षं पुसली गेली होती. लग्न आठवत होतं. आजार नाही, अबोला नाही. मला बघून हसला, नावाने हाक मारली. मी सुखावले — लाज वाटते, पण सुखावले.

गोळी देताना त्याने विचारलं, कसली? डोक्याची, म्हटलं. मग मलाही तीच घेताना पाहून म्हणाला, "तुझ्या डोक्याला कधी मार लागला?"

"तुझ्याशी लग्न केलं तेव्हा."

पोट धरून हसला. मीही हसले. तिथून मागे फिरता आलं असतं का? आलं असतं. मी फिरले नाही.

व्यायामासाठी मी त्याला ठाण्याच्या हॉस्पिटलात नेत होते. हळूहळू तो काठीने चालू लागला, शर्टाची बटणं लावू लागला. तिथल्या व्यायाम घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, आता गोळ्या त्याच्या त्याला घेऊ द्या. कशाच्या आहेत हे त्याला सांगता यायला हवं, तोही उपचारच आहे. मी म्हटलं, त्याला टेन्शन सोसत नाही, इतक्यात नको. पुढे तिथेच डॉक्टरांचा एक अभ्यास सुरू झाला — एचआयव्ही असून मेंदूला इजा झालेल्यांसाठी, औषधं आणि स्मरणशक्तीचे व्यायाम एकत्र. जणू किरणसाठीच. पण आजार त्याला स्वतःला माहीत हवा, होकार त्याने स्वतः द्यायला हवा. त्यांचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, तो गावी गेलाय. तो माझ्यासमोर मटार सोलत बसला होता.

त्याची आठवण परत येईल, याचीच मला भीती होती. ज्याने बरं व्हावं म्हणून रात्रंदिवस राबले, त्याचं बरं होणं मीच अडवून धरलं. याला काय म्हणायचं — भित्रेपणा? नाही, स्वार्थ.

गेल्या महिन्यात तो म्हणाला, माझ्या गोळ्यांपायी तुझी किती धावपळ होते, मला शिकव, मी बघतो. त्या मायेने मी फुटले. सगळं सांगितलं — आजार, तो कुणाकडून आला, अबोला, गावाची थाप. त्याने एवढंच विचारलं, "मला तेव्हाच कळलं असतं, तर मी जास्त बरा झालो असतो?"

माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने बूट घातले आणि अपघातानंतर पहिल्यांदाच एकटा ठाण्याला गेला. मी केंद्र बंद ठेवून दाराकडे बघत बसले. संध्याकाळी परतला तो दमलेला, पण ताठ. अभ्यासात अजून माणसं घेत होते. त्याने नाव दिलं, सही स्वतः केली. बायको बरोबर आलीय का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. आपण काय उत्तर दिलं, ते त्याने मला जेवताना सांगितलं, आवाज न चढवता.

"तिला विचारू नका. मला विचारा."

बरोबर बोलला तो. पुढच्या वेळीही एकटाच जाणार आहे.