माझ्या हाताच्या उंचीवर

नातवंडांनो, मी स्टुलावरून पडल्यापासून तुमचे बाबा मला इथे एकटीला राहू द्यायला तयार नव्हते. तरी तुम्ही पाठवलेल्या फोटोसारखं, रंगीत कपांचं आणि वेलींचं स्वयंपाकघर मी करायला घेतलं. गुडीहत्नूरहून आलेल्या सुताराला फळ्यांच्या मापांचा कागद दिला. त्याने तो न उघडताच खिशात घातला.

“आजी, पहिले चहा करा.”

“फळ्या लावायला आलात की चहा प्यायला?”

“तुमचा हात कुठवर जाते, ते पाहून राह्यलो.”

साखरेच्या डब्यासाठी मी स्टूल ओढताच त्याने ते उचलून अंगणात ठेवलं. दुखरा खांदा न ताणता माझा हात पोचला, तिथे त्याने फळीसाठी खडूने रेघ मारली. फोटोतल्यापेक्षा बरीच खाली. रोज चहा करताना मी त्याचे उपकार मानते.

परवा तुमच्या बाबांनी व्हिडिओवर मला स्वयंपाक करताना पाहिलं. नेहमीसारखं ‘इकडे निघून ये’ म्हणाले नाहीत. भाजी कोणती, एवढंच विचारलं.