सुपरचार्जरखाली आईचा हात

गाड्यांचं नुसतं नाव काढलं तरी आमच्या आईच्या कपाळाला आठ्या पडतात. नवरा मेकॅनिक आणि मुलगी घाटातल्या चढाच्या शर्यतीत गाडी पळवणारी, म्हणजे बाईच्या नशिबी दोन्हीकडून ग्रीसच. बाबांच्या गॅरेजला ती 'तुमचं ते दुसरं घर' म्हणते. माझ्या गाडीला तर काहीच म्हणत नाही, नुसती मान फिरवते. मी शर्यतीत उतरायला लागल्यापासून ती एकदाही बघायला आलेली नाही. 'घरी धड पोचलीस की सांग, मला तेवढं पुरे,' एवढं म्हणते आणि दार लावून घेते.

ती स्वतः हातमोज्यांच्या कारखान्यात आहे. मोजे उलटे शिवतात, मग एकेक बोट लाकडी खुंटीवर चढवून सुलटे करतात. त्यानंतर आईचं टेबल. ती मोज्यात हात घालते, बोटांच्या टोकांनी आतली शिवण चाचपते आणि टाका सुटला असेल तर मोजा बाजूला फेकते. हे सगळं शेजारणीशी गप्पा मारता मारता, मोज्याकडे न बघता. घरीही तेच. माझा ताप ती कपाळाला उलटा हात लावून सांगायची आणि थर्मामीटर नंतर मुकाट्याने तिचंच ऐकायचा.

तर त्या दिवशी हंगामातली शेवटची शर्यत होती आणि पहिल्या तिघांत यायला मला हीच एक संधी उरली होती. सकाळच्या सरावात निम्म्या चढावर तापमानाचा काटा सरळ लाल पट्ट्यात गेला. मी इंजिन बंद केलं आणि गाडी तशीच उताराने मागे, पायथ्याशी असलेल्या बाबांच्या गॅरेजपर्यंत आणली. शिव्या कुणाकुणाला घातल्या ते सांगत नाही.

बाबांनी पाइप चाचपले आणि म्हणाले, "थर्मोस्टॅट अडकलाय."

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवरची छोटी झडप. इंजिन तापलं की ती उघडते आणि पाणी रेडिएटरकडे थंड व्हायला जातं. आमची मिटूनच बसली होती. नवा थर्मोस्टॅट बाबांच्या फळीवर होता. पंचाईत जागेची होती. माझ्या गाडीला सुपरचार्जर आहे, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा भलामोठा पंप. तो इंजिनाच्या डोक्यावर ठाण मांडून बसतो आणि थर्मोस्टॅट बरोबर त्याच्या पोटाखाली.

"सुपरचार्जर उतरवायचा तर दिवस जाईल," बाबा म्हणाले.

"बाबा, दुपारी शर्यत आहे."

"मग फटीतून हात घालायचा." त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. तो पंजा मनगटाच्या कितीतरी आधीच अडला असता. "घाल तूच."

इंजिन निवलं, पाणी खाली टबात सोडलं आणि मी हात घातला. हात जात होता, पण आत काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पुढचा बोल्ट निघाला. मागचा सापडेचना. सापडला तेव्हा पाना निसटला, पाना बसला तेव्हा माझा धीर सुटला. हात बाहेर काढून मी टायरला लाथ मारली आणि नेमकी त्याच वेळी आई डबा घेऊन दारात उभी.

"टायरने काय घोडं मारलंय तुझं?" ती म्हणाली.

मी पुन्हा हात घातला. ती बघत राहिली. मी काय करतेय ते बघवेना तिला, हे तिच्या ओठांवरून कळत होतं.

"अगं, किती धसमुसळेपणा! मोज्याच्या अंगठ्यात कुणी असं घुसतं का?"

बाबांनी आईच्या हाताकडे बघितलं, मग फटीकडे, मग परत हाताकडे. बोलायचं धाडस मात्र त्यांना होईना.

"माझ्याकडे काय बघताय? मी डबा द्यायला आलेय," आई म्हणाली.

मी पाना पुसत राहिले. तोंड उघडलं असतं तर रडले असते आणि तिच्यापुढे या गाडीसाठी रडायचं नव्हतं मला. आईने डबा खाली ठेवला. घड्याळ काढलं, अंगठी काढली आणि दोन्ही माझ्या हातात दिली. "आधी ती नवी वस्तू दाखवा," ती बाबांना म्हणाली.

तिने नवा थर्मोस्टॅट हातात घेतला आणि डोळे मिटून चाचपला. भोकं, कड, त्याभोवतीचं रबराचं कडं. मग कोपरापर्यंत हात सुपरचार्जरखाली गेला आणि ती छताकडे बघू लागली, कारखान्यात बघते तशी. बाबा सांगत होते, ती हूं हूं करत होती. आतून पान्याची टिकटिक ऐकू आली. थोड्या वेळाने मागचा बोल्ट बाहेर आला, पाठोपाठ मिटलेली जुनी झडप आणि आईच्या बाहीवर उरलंसुरलं पाणी. बाबा तर नाचायचेच बाकी होते.

"दे, दे, नवा दे तिला," ते मला म्हणाले.

आईने नवा आत नेला. आणि थांबली. हात आत, चेहरा कोरा. मला वाटलं, बोट अडकलं.

"काय झालं?"

तिची नजर छतावरून माझ्यावर आली. बराच वेळ तिथेच राहिली. मग बाबांना विचारलं, "याला दोन कडी असतात?"

"नाही, एकच. का गं?"

ती अजून माझ्याकडेच बघत होती. माझ्या हातात तिची अंगठी होती आणि अंगात शर्यतीचा पोशाख.

"मग जुनं कडं आतच चिकटलंय," ती म्हणाली. "शिवणीवर शिवण लागतेय मला."

बाबांनी जुना थर्मोस्टॅट उलटा केला. खरंच, कडं नव्हतं. "अरे देवा," ते म्हणाले. "दोन कड्यांवर बसवलं असतं तर जोर लावल्याबरोबर सगळं पाणी बाहेर. पहिल्या वळणाच्या पुढे गेली नसती गाडी."

आईने नखाने ते कडं सोडवलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. काळं, चपटं झालेलं, ओलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिथे आत तिच्याशिवाय कुणालाच काही कळत नव्हतं. ती गप्प बसली असती तर माझी शर्यत पहिल्या वळणाआधीच संपली असती, मी सुखरूप घरी आले असते आणि तिला बोल लावायला कुणाला जागाही उरली नसती. तिला हवं होतं ते सगळं तिच्या बोटाखाली आलं होतं.

"बघतेस काय? बोल्ट दे," आई म्हणाली.

नवा थर्मोस्टॅट बसला. बाबांनी कूलंटचं पाणी भरलं, पाइपांत अडकलेली हवा काढली आणि मी इंजिन चालू केलं. काटा चढू लागला. आईने कुणी न सांगताच रेडिएटरच्या पाइपवर हात ठेवला होता. थंड, म्हणाली. अजून थंड. मग तिच्या भुवया वर गेल्या आणि तिने हात झटकन मागे घेतला. "उघडली," ती म्हणाली आणि हसली. गाडीपाशी उभी राहून हसली.

शर्यतीचं फार सांगत नाही. सुपरचार्जरने शीळ घातली, वळणं एकामागून एक अंगावर आली आणि काटा मध्यावरून हलला नाही. माझा नंबर तिसरा. वर पोचून मी हेल्मेट काढलं आणि वेड्यासारखी ओरडत सुटले.

थोड्या वेळाने बाबांचा टेम्पो धापा टाकत वर आला. दुसऱ्या दारातून आई उतरली. सबंध रस्ता तिने डोळे मिटून काढला, असं बाबांनी नंतर सांगितलं. ती माझ्याकडे आलीच नाही. आधी बाबांना बॉनेट उघडायला लावलं, पाइपला उलटा हात लावून बघितला. मग माझ्याजवळ आली आणि तोच ग्रीसचा हात माझ्या कपाळाला लावला.

"गाडी बरी आहे," ती म्हणाली. "तूच तापलीयेस."